घरचा वास

देवानं मला दोनच गोष्टी सढळ हातानं दिल्या, केस आणि राग. केस आता विरळ व्हायला लागलेत.

त्या मंगळवारी डबा उघडून पहिला घास तोंडात घातला आणि अलार्म वाजला. भिंतीवरचा पडदा लालभडक. 'प्रोब सात. फरक मर्यादेबाहेर. लोड स्थलांतर सुरू.' मी डबा तसाच टाकून सर्व्हर हॉलमध्ये धावले. आत सगळं आलबेल. पंखे फिरतायत, दिवे हिरवे, कपाटं थंडगार. जळकं काही नाही, गरम काही नाही. मी एक सणसणीत शिवी हासडली. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून दुसरीही हासडली.

बाहेर आले तर फोन वाजत होता. दादाचा.

"पद्मे, बंद पडलं बघ परत."

"माहीत आहे रे."

"पंप थांबलाय. रक्त नळीतच हाय माझं."

"हलू नकोस. नागपूर लोड घेईल, मग सुरू होईल."

"मागच्या टायमालाबी हेच म्हणालीस की," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच राग आला.

नागपूरनं लोड घ्यायला पाऊण तास लावला. तोवर नळीतलं रक्त साकळलं. मग ती नळी, ती गाळणी आणि आतलं पेलाभर रक्त, सगळं फेकून द्यायचं. ज्याच्या अंगात आधीच रक्त कमी, त्याचं.

आता नीट सांगते. मी पद्मजा दिवटे. इचलकरंजीत बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागेत एका कंपनीचं सर्व्हर सेंटर आहे, तिथं देखरेख करते. शिरोळ, हातकणंगले, कागल या भागात ज्यांच्या किडन्या गेल्यात, त्यांच्या घरी आता डायलिसिसची मशीनं आली आहेत. घरच्या फ्रिजएवढं मशीन. रक्त बाहेर काढतं, गाळतं, परत आत घालतं. रुग्णाचं ब्लडप्रेशर किती, पाणी किती ओढायचं, पंप किती वेगानं चालवायचा, हे सगळं क्षणाक्षणाला आमचा सर्व्हर ठरवतो. म्हणून माणूस घरात एकटा बसून उपचार घेऊ शकतो. दवाखाना नको, नर्स नको. आणि ही सोय झाली तशी गावातली डायलिसिसची केंद्रं पटापट बंद झाली. आता ज्याला घरी जमत नाही त्याला थेट कोल्हापूर.

ग्यानबाची मेख अशी, की आमच्या सेंटरला धोका आहे असं वाटलं की सगळी जबाबदारी आपोआप नागपूरच्या सेंटरकडे जाते. राखणदार बदलला, म्हणून नवा राखणदार एकेका रुग्णाची खात्री करेपर्यंत सगळी मशीनं थांबतात. कागदावर हे फार सुरक्षित दिसतं. जुन्या मशीनला हातानं पंप फिरवायची दांडी तरी असायची. नव्याला तीही काढून टाकली, का, तर दिसायला सुबक.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मुरलीधर. जन्मभर यंत्रमागाचा जॉबर. इथं माग बिघडला की जॉबरला हाक मारतात, आणि दादाला पंचक्रोशीतून हाका यायच्या. वहिनी वारली, पोरबाळ नाही. माझं लग्न मोडलं तेव्हा मी बॅग घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. त्यानं एक शब्द विचारला नाही, नुसतं म्हणाला, "चहा टाक, मलाबी घे." किडन्या गेल्यावर दोन वर्षं तो कोल्हापूरला खेपा घालत होता. आठवड्यातून तीनदा, पहाटेची एसटी, रांग, चार तास खाटेवर, आणि संध्याकाळी पिळून काढल्यासारखा घरी. घरी मशीन आलं आणि माझा भाऊ मला परत मिळाला. संध्याकाळी कट्ट्यावर जायला लागला, पत्ते खेळायला लागला, माझ्या आमटीला नावं ठेवायला लागला. मी सकाळी त्याच्या हातात सुया घालून, मशीन जोडून, स्कूटरवरून सेंटरला यायची. तो त्याच्या खुर्चीत, मी माझ्या. एका अर्थानं त्याच्यावर मीच लक्ष ठेवत होते.

आणि आता हे प्रोब.

आधीचे प्रोब साधे होते. सर्व्हरला दर थोड्या वेळानं विचारायचे, 'आहेस का?' सर्व्हर म्हणायचा, 'आहे.' उत्तर आलं नाही की बोंब. पण उत्तर येत नाही तेव्हा सर्व्हर मेलेलाच असतो. बोंब मारून उपयोग काय? मग कंपनीनं हे नवे प्रोब आणले, वास घेणारे. रेशमाच्या किड्याचा जो पतंग होतो, त्यातल्या नराला मादीचा वास लांबून येतो, हवेत कणभर असला तरी. त्याच्या शिंगांमधल्या वास ओळखणाऱ्या पेशी काढून, चिपवर वाढवून, बोटाएवढ्या डबीत बसवल्या आहेत. जिवंत पेशी. दर महिन्याला साखरपाण्याची कुपी बदलायची. तार जळण्याच्या कितीतरी आधी तिच्यावरचं प्लास्टिक तापून वास सोडतं. माणसाला तो येत नाही, पतंगाला येतो.

पण वास वाईट की चांगला, हे पतंगाला कोण सांगणार? त्यासाठी बसवल्यावर पहिले नऊ दिवस प्रोब नुसता शिकतो. त्या नऊ दिवसांत जो वास असेल तो 'घरचा वास'. त्यानंतर हवा घरच्या वासापासून किती लांब गेली, याचा एक आकडा तो देत राहतो. त्याला म्हणायचं 'फरक'. फरक मर्यादेबाहेर गेला की अलार्म. सोपं आहे, हुशारीचं आहे, आणि माझ्या डोक्याला ताप आहे.

दसऱ्यानंतर महिनाभर सगळं सुरळीत होतं. दिवाळी झाली आणि ग्रहण लागलं. आधी एकदा, मग आठवड्यातून एकदा, मग दोनदा. मी काय करायचं ठेवलं? साखरपाण्याची कुपी बदलली. प्रोब बदलला, जुन्याचं शिक्षण नव्यात भरून. हवेचे फिल्टर धुतले. पंखे बदलले. फरशी स्वतः उभं राहून पुसून घेतली, नुसत्या पाण्यानं. अलार्म वाढले. मग मी आणखी घासायला लावलं. अलार्म आणखी वाढले. जितकी स्वच्छता, तितकी बोंबाबोंब.

पुण्याला बोधनकर साहेबांना फोन केला. ते आमचे वरिष्ठ. माणूस सभ्य आहे, पण बोलताना कायम कुणाला तरी झोपवत असल्यासारखा बोलतो.

"पॅनिक होऊ नका मॅडम. प्रोबचं सेन्सिंग परफेक्ट आहे. काहीतरी परका वास हॉलमध्ये येतोय. सोर्स शोधा."

"परत नऊ दिवस शिकवू या ना त्याला, सर."

"शिकवताना सेंटर रिकामं ठेवावं लागतं. नऊ दिवस लोड दुसरीकडे ठेवणं ठेक्यात बसत नाही. सोर्स शोधा तुम्ही."

उंटावरचे शहाणे! पण नोकरी नोकरी असते. मी सोर्स शोधायला निघाले, आणि सेंटरमधल्या सगळ्या माणसांशी वैर घेतलं. पहारेकऱ्याची तंबाखू बंद केली. डब्यात सुकट आणायला बंदी. डोक्याला तेल नको, गजरा नको, बामसुद्धा नको. शेवंता मावशी म्हणून आमच्याकडे झाडलोट करतात, जुन्या गिरणीतही त्याच होत्या. त्यांचं फिनेल मी आधीच काढून घेतलं होतं. मग माझं लक्ष कोनाड्याकडे गेलं. गिरणीच्या प्रत्येक खात्यात देवीचा कोनाडा असायचा. सेंटर बांधताना बाकीच्या भिंती पाडल्या, पण हा एक कोनाडा पाडायला कुणाचा हात धजावला नाही. हॉलमध्ये हवा ओढून घेणारी जाळी नेमकी त्याच्या शेजारी आली. मावशी तिथं रोज एक उदबत्ती लावायच्या.

"मावशी, आजपासून उदबत्ती बंद."

"अवो ताई, देवीची हाय ती."

"देवीला सांगा, सर्व्हर शिंकतो."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर जमिनीत गेली असती. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आणि अलार्म? रोज यायला लागला. रोज! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण चोर कोण ते मला कुठं ठाऊक होतं?

त्याच आठवड्यात दादाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला. "रक्त फार खाली आलंय. अजून एखाद-दुसऱ्यांदा असं वाया गेलं, तर घरचं मशीन बंद. कोल्हापूरला जावं लागेल."

दादा शांतपणे सदऱ्याची बाही खाली करत म्हणाला, "कोल्हापूर न्हाई. त्यापरीस सुया काढून ठिवतो."

"दादा, काहीही बोलू नकोस."

"काहीही न्हाई बोलत. दोन वर्स केलंय म्या ते. आता न्हाई."

दादा एकदा न्हाई म्हणाला की माग उलटा फिरला तरी हो म्हणत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. घरी येताना स्कूटरवर मी रडत होते आणि मागं बसून तो मला खड्डे दाखवत होता.

मार्गशीर्षातला गुरुवार उजाडला. मी हातात टॅबलेट घेऊन हॉलच्या दाराशी उभी, फरकाचा आकडा चढताना बघत होते. तेवढ्यात धुपाचा वास आला. बघते तर काय, शेवंता मावशी कोनाड्यापुढं उकिडव्या बसून धुपाटण्यात निखारे फुंकतायत. उदबत्ती नाही, चांगला ढीगभर धूप. धुराचा लोट सरळ जाळीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तरातरा गेले.

"मावशी! काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"महालक्ष्मीचा गुरवार हाय. काढून टाका मला कामावरनं. लावनार म्हंजे लावनार."

मी टॅबलेट त्यांच्यापुढं नाचवला. "हे बघा, हा आकडा बघा! आता वाजेल, आणि माझ्या भावाचं—"

आकडा उतरत होता.

मी डोळे चोळले. चढत चढत मर्यादेला टेकलेला आकडा घसरत होता. निम्मा झाला. पाव झाला. दिवाळीनंतर इतका खाली तो कधीच गेला नव्हता.

मावशींनी तोंड वाकडं करून पाण्याचा तांब्या उचलला. "इझवते. वरडू नगासा."

"विझवलंत तर खबरदार!" मी ओरडले.

मी तिथंच पायरीवर बसले. प्रोब कधी बसवले? घटस्थापनेला. बोधनकर साहेबांनीच पुण्याहून सांगितलं होतं, 'चांगला दिवस आहे, सुरू करून टाका.' आणि नवरात्राचे नऊ दिवस या कोनाड्यात घट बसला होता, अखंड दिवा होता, सकाळ-संध्याकाळ धूप होता. खंडेनवमीला तर गावातल्या सगळ्या मागांची पूजा होते तशी आम्ही सर्व्हरची केली. कपाटांना झेंडूच्या माळा, कापूर, नारळ. प्रोब सातला मावशींनी हळदीकुंकू लावलं होतं, ते मीच नंतर पुसलं. पतंगांनी हे सगळं इमानेइतबारे शिकून ठेवलं. घरचा वास म्हणजे नवरात्र!

आणि तो 'फरक' काढताना काय करतात, तर वजाबाकी करून तिचा वर्ग करतात. वर्ग केला की उणे आणि अधिक सारखंच. काही जास्त झालं तरी आकडा चढतो, काही कमी झालं तरी चढतो. हेही मुद्दाम ठेवलेलं, कारण नेहमीचा गरम वास गेला म्हणजे मशीन बंद पडलं असू शकतं. पडद्यावर मात्र नुसता फरक दिसतो. मी सगळ्यांच्या अंगावर धावून जाऊन काय जास्त आहे ते हुंगत बसले. काय कमी आहे हे एकदाही विचारलं नाही. भिंतींत आणि फिल्टरच्या कापडात मुरलेला धूप होता तोवर पतंग गप्प होते. मी तो घासून घासून काढला, आणि वर उदबत्तीही बंद केली.

"मावशी," मी म्हणाले, "उद्यापासून रोज लावा. दोन वेळा. धूप मी आणून देते."

"आता सर्वर शिंकत न्हाई व्हय?" मावशी म्हणाल्या. पण बोलल्या तरी.

बोधनकर साहेबांना फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे मॅडम, आपल्या सर्व्हरला धूप लागतो असं तुमचं म्हणणं आहे?"

"सर्व्हरला नाही सर. तुमच्या पतंगांना."

"हं. एक छोटी अडचण आहे. तुमच्या सेंटरचं शिक्षण इतकं स्वच्छ झालं होतं, की आम्ही तेच गेल्या आठवड्यात बाकीच्या अठरा सेंटरना कॉपी करून दिलं."

मी कपाळाला हात लावला. आसामपासून केरळपर्यंत अठरा गावांतले पतंग शेवंता मावशींच्या नवरात्रासाठी झुरत होते! मग काय, पुढचे दोन महिने मी इचलकरंजीतल्या एकाच दुकानातल्या एकाच जातीच्या धुपाची पार्सलं देशभर पाठवत होते. सोबत सूचना: 'कॅलिब्रेशन धूर, सकाळ-संध्याकाळ'. जोरहाटहून एका इंजिनिअरचा फोन आला, धुपाटणं कुठल्या धातूचं असावं विचारायला. मी म्हटलं, मावशींना विचारून सांगते.

तरी अधूनमधून कुठं ना कुठं अलार्म वाजायचाच. धूप ओला निघाला, कुणी विसरलं, कुणी दुप्पट टाकला. कंपनी वैतागली आणि पडद्यावर एक नवीन बटण आलं: 'थांबवा'. अलार्म वाजल्यावर मिनिटभर मुदत. ड्यूटीवरच्या इंजिनिअरला खोटा वाटला तर त्यानं बटण दाबून स्थलांतर रोखायचं. स्वतःच्या जबाबदारीवर. मला ते बटण बघून किती आनंद झाला होता, काय सांगू!

दादाचं रक्त हळूहळू वर येत होतं. डॉक्टर म्हणाले, काठावर आहे, पण आहे. एखादी नळी गेली तर मात्र माझ्याकडे येऊच नका.

माघातला शनिवार होता, सकाळ सरत आली होती. दादाला मशीनला जोडून मी आले होते. त्याचा शेवटचा टप्पा चालू होता. कोनाड्यात धूप व्यवस्थित जळत होता, माझ्या डोळ्यांसमोर. आणि अलार्म वाजला.

'फरक मर्यादेबाहेर. स्थलांतर होईल. थांबवा?' खाली साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न.

"मावशी, धूप तोच आहे का?"

"त्योच की. तुमीच आनलेला."

"कमी टाकलात का आज?"

"न्हाई बाई. रोजच्यावानी."

पडद्यावर एकोणचाळीस रुग्ण दिसत होते, सगळे मशीनवर. एकोणचाळिसातला एक माझा. काय कमी, काय जास्त, आकडा काही सांगत नव्हता. मावशींचा हात आखडला असेल, मी मनाशी म्हटलं. धूप सर्दावला असेल. थंडीचे दिवस. आणि मी 'थांबवा' दाबलं.

पडदा हिरवा झाला. मी दादाला फोन लावला.

"चालू आहे ना रे?"

"चालू हाय की. का गं?"

"काही नाही."

आता नियमाप्रमाणे एक फेरी मारायची, म्हणून मी निघाले. सावकाश. हॉल बघितला, ठीक. मग मागच्या बाजूची, हॉलच्याच हवेवरची बॅटरीची खोली उघडली. खालच्या रांगेतली एक बॅटरी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली होती. तिच्या तारेवरचं प्लास्टिक मऊ होऊन ओघळत होतं. मला कसलाच वास आला नाही. दोन महिने रोज धूप हुंगून माझ्या नाकात दुसरं काही शिरतच नव्हतं.

मी किंचाळत परत धावले. रोखलेलं स्थलांतर सोडलं. मग बॅटरीच्या खोलीत जाऊन त्या रांगेचा खटका ओढला. खटका तापला होता, तळहाताची सालं निघाली. मावशी वाळूच्या बादल्या घेऊन आल्या. ती बॅटरी आधी फुटली असती तर सर्व्हर एका झटक्यात गेले असते, मशीनांना थांबायचा निरोपही न देता. एकोणचाळीस पंप कुणाच्याही नजरेशिवाय चालू राहिले असते. माणसाच्या अंगातलं पाणी ओढत, प्रेशर कुठं चाललंय याची कुणालाच खबर नाही.

मी स्थलांतर रोखून धरलं होतं ते पाच-सहा मिनिटं. नंतर ते झालं, आणि बाकीच्यांची मशीनं थांबली. दादाचं थांबलं नाही. त्या पाच-सहा मिनिटांत त्याचा उपचार पुरा होऊन रक्त अंगात परत गेलं होतं.

बोधनकर साहेबांचा फोन आला. "मॅडम, प्रसंगावधान! वरती तुमचं नाव पाठवतोय." मी म्हटलं, "सर, ते बटण काढा, आणि पतंगांना नीट शिकवा." ते म्हणाले, पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू. मी फोन आपटला.

घरी गेले तेव्हा दादा खुर्चीत बसून शेंगा सोलत होता. माझ्या हाताची पट्टी बघून उठला. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लपवून चाललंच नसतं, तो जॉबर आहे. मशीन कुठं अडलं होतं ते त्याला ऐकूनच कळतं.

"किती जणं हुती म्हणालीस मशीनवर?"

"एकोणचाळीस."

"आन तू थांबवलंस."

"खोटा अलार्म असेल असं वाटलं रे मला."

"वाटलं?" दादा म्हणाला. "का तसं वाटायला पायजे हुतं तुला?"

मी त्याच्यापुढची एक शेंग उचलली. त्यानं सोललेले दाणे वाटीत टाकले, टरफलं कागदात गुंडाळली.

"सोमवारपासनं मी कोल्हापूरला जातो," तो म्हणाला.

"काय? डोकं फिरलंय का तुझं? तूच म्हणालास ना, सुया काढून ठेवीन पण—"

"म्हणालो हुतो."

"दादा, परत नाही करणार मी असं. तुझी शप्पथ. वहिनीची शप्पथ!"

"करशील," तो म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर मीबी केलं असतं. म्हणून तर जातोय. मी त्या मशीनवर हाय तवर तुझं बोट तुझं न्हाई, पद्मे."

मी भांडले. खूप भांडले. भांडी आदळली, त्याला हट्टी म्हटलं, स्वार्थी म्हटलं, तिथं जाऊन मरशील म्हटलं. आयुष्यभर ज्या रागावर माझं सगळं चाललं तो सगळा त्या दिवशी काढला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवायला काय आहे. सोमवारी पहाटे पिशवीत शाल आणि चिवडा घेऊन तो एसटी स्टँडवर गेला. मी सोडायला येते म्हटलं तर म्हणाला, तू झोप, तुला ड्यूटी आहे. घरचं मशीन मंगळवारी कंपनीची गाडी येऊन घेऊन गेली.

त्याच आठवड्यात दुपारी परत अलार्म वाजला. धूप जळत होता. कारण कळत नव्हतं. साठ, एकोणसाठ. मावशी दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी हात मांडीवर ठेवले आणि आकडे संपू दिले. सगळे पंप थांबले. मी हॉल बघितला, बॅटऱ्या बघितल्या, एकेक तार चाचपली. काही नव्हतं. खोटा होता.

मशीनवर सेंटरचा नंबर छापलेला असतो. फोन वाजला. कुरुंदवाडहून एक बाई होती, रडत आणि ओरडत.

"माझ्या नवऱ्याचं रक्त गेलं सगळं नळीत! काय झालं नव्हतं तर बंद का केलं? तुमाला काय त्याचं? तुमच्या घरात असतं कुणी असं मशीनवर, तर कळलं असतं!"

"खरं आहे, ताई," मी म्हणाले, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत फोन ठेवला नाही.